गाव नसलेलं स्टेशन

१८६३ ते १९२९. या सहासष्ट वर्षांत पुण्याहून मुंबईला रेल्वेने निघालेला प्रत्येक माणूस बोरघाटात एका जागी थांबला. न्यायमूर्ती रानडे थांबले, टिळक थांबले, गिरणीत भरती व्हायला निघालेला देशावरचा कुणबी थांबला, आणि पंढरीहून परतणारा कोकणातला वारकरीही थांबला. खंडाळा मागे पडलं की गाडी उतरत उतरत डोंगराच्या एका सोंडेवर येई. तिथे रूळ संपत. रुळांच्या पुढे दरी, आणि दरीच्या पलीकडे नागफणीचा सुळका. गाडी उभी राही. पुढचं इंजिन सोडून मागच्या टोकाला लावलं जाई, शिटी होई, आणि आली त्याच्या उलट दिशेने गाडी पुन्हा चालू लागे. गाडीच्या तोंडाकडे बघत बसलेल्या उतारूची आता मुंबईकडे पाठ झालेली असे.

या जागेचं नाव ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. त्या नावाचं गाव नव्हतं. कुठल्याही स्टेशनाला एक गाव असतं, नाव त्या गावाचं असतं, बाजाराच्या दिवशी त्याचा फलाट भरतो. गाडी बंद झाली तर गावकरी अर्ज करतात, मोर्चा काढतात. विदर्भातली शकुंतला रेल्वे बंद झाली तेव्हा तिच्यासाठी हळहळणारी गावंच्या गावं होती. बोरघाटातलं हे स्टेशन मात्र एका अडचणीसाठी उभं राहिलं, आणि अडचण दूर झाल्यावर बंद केलं गेलं. त्याला मराठी नावसुद्धा मिळालं नाही. माझ्या मनात ते घर करून आहे ते त्यामुळेच. ज्या स्टेशनासाठी रडायला कुणी नव्हतं, ते उभारताना मात्र असंख्य माणसं मेली होती.

आधी घाटाच्या नावाविषयी. इंग्रजांनी कागदोपत्री ‘भोर घाट’ लिहिलं आणि तेच पुढे नकाशांवर चढलं. भोर संस्थानाशी या घाटाचा संबंध नाही, ते इथून बरंच दक्षिणेला आहे. इकडची माणसं ‘बोरघाट’ म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिणार आहे.

घाट जुना आहे. वर कार्ले-भाज्याची लेणी, खाली कोंडाण्याची लेणी आणि मध्ये पहाऱ्याला राजमाचीचा किल्ला. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे कुठून चढत-उतरत होते ते या तीन खुणा जोडल्या की दिसतं. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं ते उंबरखिंडीत, इथून जवळच. १७८१ मध्ये इंग्रजांचा जनरल गॉडर्ड पुण्यावर चालून जायच्या इराद्याने याच घाटात आला आणि मराठ्यांनी त्याला नामुष्कीने मागे परतवलं. पेशवाई गेल्यावर १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता झाला. तोवर माल बैलाच्या पाठीवर जाई, नाहीतर माणसाच्या डोक्यावर.

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. ती गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते. त्यापुढची दहा वर्षं फारशी सांगितली जात नाहीत, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्याच दहा वर्षांत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे, १८५४ मध्ये कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याला खोपोलीला. समोर सह्याद्रीची भिंत. कंपनीने मग वरचं काम आधी उरकून घेतलं. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. पुढे दौंडवरून लोहमार्ग सरकत गेला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचला. वरती रेल्वे होती, खालती रेल्वे होती, आणि मधला घाट तेवढा रिकामा होता. वर धावणारं प्रत्येक इंजिन, प्रत्येक डबा आणि प्रत्येक रूळ घाटरस्त्याने ओढून चढवावा लागला होता.

पाच वर्षं हे असं चाललं. मुंबईचा उतारू खोपोलीला उतरे. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ तिथे आजही आहे. तिथून ऐपत असेल तर मेणा किंवा पालखी, नसेल तर तट्टू, बैलगाडी, नाहीतर आपले पाय. खंडाळ्याला पोचलं की पुन्हा गाडी. सोलापूरकडून आलेल्या कापसाच्या गासड्या खंडाळ्याला डब्यातून उतरत, बैलगाड्यांवर चढत, घाट उतरून खोपोलीत पुन्हा डब्यात भरल्या जात. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे हात पसरले. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला असताना दख्खनचा कापूस या घाटात अडकून पडत होता. घाट जोडायची एवढी घाई का होती, ते यावरून समजावं.

जीआयपीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. तो मुंबईत आला तेव्हा त्याचं वय तिशीच्या आसपास होतं. सह्याद्री माळशेजने ओलांडायचा ही कंपनीची मूळ कल्पना. बर्कलेने डोंगर पायाखाली घालून ती बाजूला सारली आणि दोन घाट निवडले, नाशिककडे जाणारा थळ आणि पुण्याकडे जाणारा बोर. निवडला म्हणून घाट सोपा झाला नाही. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत १,८३१ फूट चढायचं आणि तेही साधारण सोळा मैलांत. वाफेच्या इंजिनाला चढ फारसा सोसत नाही. चाक लोखंडाचं, रूळ लोखंडाचा, पकड ती किती असणार? सर्वांत उभा चढ ३७ फुटांना एक फूट, त्या काळातल्या इंजिनाचा कस पाहणारा.

सह्याद्रीचा पश्चिम कडा पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. दोन थरांमध्ये थोडी सपाटी असते आणि मग पुन्हा ताशीव कडा. उंची मिळवायला लांबी लागते, आणि कड्यावर लांबी मिळत नाही. अशा वेळी शेळ्या-मेंढ्या काय करतात ते डोंगरात राहणाऱ्याने पाहिलेलं असतं. त्या सरळ चढत नाहीत. तिरप्या एका बाजूला जातात, वळतात, मग तिरप्या दुसऱ्या बाजूला. धनगराची वाट अशीच नागमोडी असते. रेल्वेलाही हेच करायचं होतं, पण गाडीला शेळीसारखं जागच्या जागी वळता येत नाही. एवढ्या लांब गाडीचं वळण त्या अरुंद सोंडेवर मावणं शक्य नव्हतं. म्हणून वळायचंच नाही असं ठरलं. एका दिशेने तिरपं चढून सोंडेच्या टोकावर सपाट जागी थांबायचं, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि तिरपं उलट दिशेने चढत राहायचं. नकाशावर तिथे रुळांचा इंग्रजी वाय काढल्यासारखा दिसतो. थळ घाटातही कसाऱ्यापाशी हीच युक्ती केली गेली. अभियंत्याच्या कागदावर ती सुटसुटीत दिसते. मला तर ती सुंदरही वाटते, डोंगराशी हुज्जत न घालता त्याच्याच चालीने चालणारी.

इथे शिंगरोबाचं नाव काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचं देऊळ आहे. कथा अशी सांगतात की साहेबाला घाटातून वाट सापडेना. मेंढरं चारणाऱ्या शिंगरोबा धनगराने ती दाखवली. साहेब खूश झाला, म्हणाला, काय हवं ते माग. शिंगरोबा म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे, सरकारी दप्तरातली नोंद नव्हे. पण जिची नोंद दप्तराने कधी घेतली नाही अशी एक गोष्ट ती धरून ठेवते. डोंगर ज्यांचा होता, ज्यांना त्याची वाट ठाऊक होती, त्यांना या कामात काय मिळालं? आजही घाट चढणारे ट्रक ड्रायव्हर शिंगरोबासमोर गाडी हळू करून नाणं टाकतात.

घाटाचं काम १८५६ च्या आरंभी सुरू झालं. ठेका विल्यम फेव्हिएलकडे होता. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकी तो एक. सपाटीवरचा अनुभव मात्र इथे पुरला नाही. दगड काळा, फत्तर म्हणतात तसा. सुरुंगासाठी भोक पाडायचं तर पहार आणि घण एवढीच हत्यारं. डायनामाइट अजून निघायचं होतं, होती ती साधी बंदुकीची दारू. बोगदा खणताना वरून विहिरीसारखे खड्डे घेऊन मध्येही काम काढता येतं, पण इथे डोंगर इतके उभे की ती सोय नव्हती. दोन तोंडांकडून खणत जायचं आणि मध्ये भेटायचं. कित्येक ठिकाणी कड्याला पाय टेकायलाही जागा नव्हती. तिथे माणसाला दोरखंडाने वरून खाली सोडत आणि तो लोंबकळत पहारीने भोक पाडी. बोगदे होते २५, एकूण लांबी दोन मैलांहून जास्त. दऱ्यांवर कमानींचे मोठे पूल ८. हे सगळं हाताने.

काम दिवाळीच्या सुमाराला सुरू होई आणि मृग लागला की थांबे. बोरघाटातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला कारण सांगायला नको. पावसाळ्यात माणसं गावी जात, कोरडवाहूत पेरणी करत आणि सुगी आटपून परत घाटाला येत. हंगामात जे पाणी कड्यांवरून धबाबा कोसळतं ते फेब्रुवारीनंतर शोधूनही सापडत नाही, म्हणून पाणीही वाहून न्यावं लागे. डोंगराच्या उतारावर पाला-गवताच्या झोपड्या, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं. पुरुष पहारीवर, बायका पाटीवर. १८६१ च्या हंगामात या पंधरा-सोळा मैलांत ४२,००० माणसं काम करत होती. सडक नाही, विहीर नाही, संडास नाही अशा उतारावर एका शहराएवढी वस्ती.

मजुरीचा हिशेब फेव्हिएलकडून त्याच्या पोटठेकेदाराकडे, तिथून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे येई. वाटेत प्रत्येकाच्या बोटांना तूप लागे. पगार थकत, हाती येत ते कमी येत. १८५९ च्या जानेवारीत घाटातल्या मजुरांचा बांध फुटला आणि त्यांनी गोऱ्या देखरेखवाल्यांवर हल्ला केला. आदल्याच वर्षापर्यंत उत्तरेत उठाव पेटलेला होता, त्यामुळे सरकारच्या काळजात धस्स झालं. चौकशी झाली, तीत पोटठेकेदारांच्या लबाड्याही उघड झाल्या. १८६० मध्ये सार्वजनिक कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा आला. तंटा मॅजिस्ट्रेटपुढे नेता येईल अशी तरतूद त्यात होती, पण काम अर्धवट टाकून गेलेल्या मजुराला गुन्हेगार ठरवायची सोयही त्याच कायद्यात होती. मजुरांनी दाद मागितली थकलेल्या पगाराची, आणि तिच्या सोबत त्यांच्या हाती पडली बेडीची धास्ती.

फेव्हिएलने १८५९ मध्येच ठेका सोडला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. त्याची बायको ॲलिस सोबत आली होती. नवऱ्याला पुरून पहिल्या बोटीने परत जायला तिला कुणी अडवलं नसतं. पण ठेका हातचा गेला तर घर बुडणार होतं. तिने ठेका आपल्या नावावर पुढे चालवायचं ठरवलं, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी माणसांच्या हाती कामाची व्यवस्था दिली आणि तीन वर्षांत ते तडीस नेलं. एकोणिसाव्या शतकात, परक्या मुलखात, एका विधवेच्या नावावर एवढं मोठं बांधकाम उभं राहावं ही विलक्षण गोष्ट आहे. ॲलिस ट्रेडवेलचं नाव रेल्वेच्या इतिहासात राहिलं याचा मला आनंद आहे.

पण तिच्या हाताखालच्या बेचाळीस हजारांपैकी एकाचंही नाव राहिलं नाही. १८५९-६० च्या हंगामात झोपड्यांमध्ये पटकी शिरली. आपल्याकडे तिला मरीआईचा फेरा म्हणत. माणसं सकाळी कामावर गेली की संध्याकाळपर्यंत परतायची शाश्वती नसे, आणि जी धडधाकट होती ती गाठोडं बांधून पळून जात. सुरुंग, घसरलेले कडे, दोरखंड तुटून झालेले मृत्यू वेगळेच. एकूण किती माणसं दगावली याचा इतिहासकारांचा एक अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास जातो. त्याला अतिशयोक्ती मानून निम्मा केला तरी मैलामागे काहीशे प्रेतं होतात. गाडी बोगद्यात शिरते, डब्यात अंधार होतो, पोरं ओरडतात, तेव्हा मला दर वेळी हा हिशेब आठवतो.

बर्कलेही काम पुरं झालेलं पाहायला उरला नाही. घाटाने त्याचीही तब्येत खाल्ली होती. तो विलायतेला परतला आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारला. वय ४२. त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं आणि मे महिन्यात वाहतूक सुरू झाली. खर्च अकरा लाख पौंडांच्या आसपास. खंडाळ्याच्या वाटेवरच्या मेणेवाल्यांचा, तट्टूवाल्यांचा आणि गाडीवानांचा धंदा उतरणीला लागला.

इथून रिव्हर्सिंग स्टेशनचं रोजचं जगणं सुरू होतं. ते समजायचं तर चढणारी गाडी सोडून उतरणारी पाहायला हवी. चढताना इंजिन दमलं तर फार तर थांबेल. उतरताना गाडी थांबली नाही तर? त्या काळी सगळ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक आणि ब्रेकव्हॅनमधल्या माणसांनी हाताने आवळायचे ब्रेक, एवढंच. घाटासाठी मुद्दाम जड इंजिनं बनवून घेतली होती. त्यांना चाकांच्या ब्रेकशिवाय आणखी एक ब्रेक असे, थेट रुळावर दाबून बसणारा, घसरगुंडीवर पोराने टाच रोवावी तसा. शिवाय घाटात जागोजागी चढावर नेलेले आंधळे फाटे होते. सांधा कायम त्या फाट्याकडे लावलेला. उतरणारी गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली तरच सांधेवाला तो मुख्य मार्गाकडे फिरवी. सुटलेली गाडी आपोआप फाट्यात शिरे आणि चढावर दमून थांबे.

रिव्हर्सिंग स्टेशनवर मात्र गाडीला थांबणं भागच होतं. पुढे रूळ नव्हता. खंडाळ्याहून तीव्र उतारावरून येणाऱ्या ड्रायव्हरला दर फेरीला त्या दरीच्या तोंडाशी गाडी आणून अचूक उभी करावी लागे, भर उन्हात, दाट धुक्यात आणि श्रावणातल्या निसरड्या रुळांवरही. १८६९ च्या जानेवारीत एक गाडी थांबली नाही. रुळांचं टोक ओलांडून ती खाली गेली, माणसं मेली. ज्या युक्तीने घाट चढता आला, तीच उतरताना जिवावर बेतू शकते, हे घाट सुरू झाल्यावर सहाच वर्षांत कळलं.

त्याआधी, १९ जुलै १८६७ ला, घाटातला महू-की-मळीचा आठ कमानींचा पूल कोसळला होता. ही दुसरी जखम पावसाची. बांधकामाची घाई आणि दगडी चिऱ्यांमागे भरलेल्या भरावाचा दर्जा, दोन्ही त्या एका पावसाळ्यात उघडे पडले. घाटातली वाहतूक तुटली आणि पूल पुन्हा उभा करावा लागला.

एवढं सगळं असूनही घाट चालला. मुंबई आणि पुणे ही एकाच प्रांतातली दोन वेगळी जगं होती, त्यांना या रुळांनी बांधलं. पूर्वी ज्या प्रवासाला दिवस लागत, तो तासांवर आला. मुंबईच्या हायकोर्टातला वकील पुण्याच्या सभेला येऊन परत जाऊ लागला. पुण्याचं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी गिरगावात पोचू लागलं. माझ्या मते महाराष्ट्राच्या सार्वजनिक आयुष्याचा घाट या घाटाने घडवला. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनकडे धान्य आणि धान्याकडे माणसं, दोन्ही या मार्गाने हलली. सातारा-पुणे भागातून गिरणगावात गेलेल्या माणसांच्या पिढ्या इथूनच उतरल्या, आणि शिमग्या-दसऱ्याला इथूनच वर चढल्या. १ ऑगस्ट १९२० ला टिळक मुंबईत वारल्याची बातमी पुण्यात आली, तेव्हा मुंबईकडे धावलेल्या गाड्याही या सोंडेवर थांबल्याच असतील. इंजिन बदलेपर्यंत त्या डब्यांमध्ये काय शांतता असेल!

उतारूंच्या दृष्टीने तो थांबा मजेचाही होता. एका बाजूला खोल दरी, दुसरीकडे ढगात गेलेले कडे, पावसाळ्यात चहूकडे पांढऱ्या धारा. हिंदुस्थानात आलेले गोरे प्रवासी या जागेची चित्रं घेऊन जात. ‘रिव्हर्सिंग स्टेशन, भोर घाट’ असं खाली छापलेली कार्डं विलायतेच्या टपालात फिरत. गाव नसलेल्या या स्टेशनाची ओळख आपल्यापेक्षा तिकडच्या घरांमध्ये जास्त होती, असं म्हणायला हरकत नाही.

विसावं शतक उजाडलं तशा गाड्या लांब झाल्या, जड झाल्या. सोंडेवरची जागा तेवढीच होती. छोट्या गाड्यांच्या जमान्यात ठरवलेली लांबी आता अपुरी पडू लागली. प्रत्येक गाडीमागे जाणारा वेळ, बदलायची इंजिनं आणि मागून येणाऱ्या गाड्यांचा खोळंबा यांमुळे सगळा घाट त्या एका सोंडेच्या मापाने चालत होता. याच सुमाराला जीआयपीने विजेचा मार्ग धरला. १९२५ मध्ये मुंबईत पहिली विजेची गाडी धावली, आणि पुण्यापर्यंत वीज न्यायची तर घाटाची दुरुस्ती करूनच न्यायची असं ठरलं. खंडाळ्याखालचा मार्ग नव्याने आखला गेला. आता डायनामाइट होतं, हवेच्या दाबावर चालणारी छिद्रयंत्रं होती. बर्कलेला ज्या डोंगराला बगल द्यावी लागली, त्याच्या पोटातून मोठे बोगदे काढता आले. १९२९ मध्ये नवा मार्ग सुरू झाला. गाडी एका दमात, तोंड न बदलता घाट उतरू लागली.

आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं.

त्यासाठी कुणी अर्ज केला नाही. कुणाचा बाजार बुडाला नाही, कुणाची शाळा चुकली नाही. स्टेशनात कामाला असलेली माणसं दुसरीकडे गेली असणार. पुढच्या वर्षी, १ जून १९३० ला, दख्खनची राणी सुरू झाली. ती त्या सोंडेवर कधी गेलीच नाही. मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडच्या बनावटीची इंजिनं आली. मधे सांधा असलेल्या लांबट अंगाच्या त्या इंजिनांना रेल्वेतल्या माणसांनी ‘खेकडा’ म्हटलं. परदेशातून आलेल्या इंजिनाला आपल्या लोकांनी नाव दिलं. ज्या स्टेशनावर सहासष्ट वर्षं थांबत गेले, त्याला मात्र नाव द्यायचं कधी सुचलं नव्हतं. त्या जागी थांबणं हा प्रवासाचा भाग होता, मुक्कामाचा नव्हे, म्हणून असेल.

जुनी जागा आहे ती अमृतांजन पुलाच्या परिसरात. बामाच्या जाहिरातीच्या फलकावरून ज्याला ते नाव पडलं, तो ब्रिटिशकालीन पूल. लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबणारे लोक तिथे उभे राहून दरी बघत असत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग त्याच्या खालून गेला. पुलाचे खांब रुंद रस्त्याला अडथळा ठरू लागले आणि एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने रस्ता ओस पडल्याची संधी साधून तो सुरुंग लावून पाडला. त्या वेळी वर्तमानपत्रांत पुलाबद्दल हळहळ उमटली, जुने फोटो छापून आले. तिथेच जवळ एके काळी मुंबई-पुण्याची प्रत्येक गाडी थांबत होती, ही आठवण फार थोड्यांनी काढली.

घाट अजून जिवंत आहे. मुंबईहून येणारी गाडी बहुधा कर्जतला थांबते. मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात आणि खिडकीशी बटाटेवडेवाले येतात. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी नावं मागे पडत जातात. यांतली बहुतेक रेल्वेच्याच कामाची ठिकाणं, पण त्यांना निदान नाव तरी मिळालं आहे. लोणावळ्याला बँकर सुटतात. उतरणारी गाडी मात्र बर्कलेच्या काळातल्यासारखीच वागते. ब्रेक धरतो का ते बघायला घाटात थांबते. सांधा अजूनही आधी डोंगरात चढणाऱ्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी उभी राहते, ताब्यात असल्याची खात्री पटते, मग सांधा खटकन मुख्य मार्गाकडे फिरतो आणि सिग्नल मिळतो. डब्यातला कुणीतरी झोपेतून जागा होऊन विचारतो, कुठलं स्टेशन आलं? शेजारचा बाहेर पाहतो. फलाट नाही, पाटी नाही, दिवा नाही. तो म्हणतो, स्टेशन नाही हो, घाट आहे.